थट्टेच्या नात्यातला माणूस

लत्रीकुंडा, १४ नोव्हेंबर २००९

बिरान, आमच्या घरच्या गुलामा,

पोटभर भात मिळाला का आज? जोबांच्या घरातून न्जाय घराण्यातल्या माणसाला पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करायची, आधी अब्रू काढायची आणि मग कामाचं बोलायचं. आज मात्र शिव्याही धड सुचत नाहीत.

उसेनू कुठे आहे?

मंगळवारी संध्याकाळी गुंजूरला, त्याच्या सासूच्या अंगणातून चार माणसं त्याला घेऊन गेली. साध्या कपड्यांतली होती. गाडीला नंबर नव्हता. सिरा धाकट्याला कडेवर घेऊन मशिदीपर्यंत गाडीमागे धावली. तेव्हापासून आम्ही दोघी नणंद-भावजय पोलीस ठाणी धुंडाळतोय. जिथे जावं तिथे एकच उत्तर, असा माणूस आमच्याकडे नाही. एका ठाण्यात तर साहेब म्हणाला, "बाई, नवरे पळून जातात. दुसरी केली असेल, जरा चौकशी करा." सिरा तिथेच मटकन खाली बसली.

त्या चौघांत तू नव्हतास असं ती सांगते. पण ती माणसं तुझ्या त्या गुप्त पोलिसांच्या कचेरीतली होती हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि गुंजूरचा पत्ता त्यांना कसा लागला ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळी तू दुकानात आलास. तबास्कीची ईद तोंडावर आलेली, माझ्याकडे कपड्यांचा ढीग, बाकावर सात-आठ गिऱ्हाइकं. तू दारातूनच ओरडलास, "काय गं सोहना, तुझा तो खादाड भाऊ कुठाय? आमचा भात चोरून कुठे पळाला?"

मी मशीनवरून मानही वर न करता म्हटलं, "तुमच्या घरात चोरण्याइतका भात कधी शिजला?"

"शाळेत शिकवायलाही जात नाही म्हणे. पोट बिघडलं वाटतं."

"पोट बिघडायला तो काय न्जाय आहे? गुंजूरला सासूच्या अंगणात पडलाय, रोज ताजा मासा आणि भात. तू बस इथे वास घेत."

बायका खदखदून हसल्या. तू दोन्ही हात वर केलेस. "पुरे, सोहना, पुरे." मला वाटलं, हरला. न्जाय हरला की त्याला सोडायचं नसतं. म्हणून मी आणखी बोलले, "पुरे काय? त्याला सासूने मागची खोली दिलीय, गादीसकट. तुला तुझ्या सासूने उंबरा तरी ओलांडू दिला का?" तुझ्याबरोबरचा तो उंच माणूस, जो दारात बसून आमच्याकडचा अत्ताया चहा पीत होता, तोही हसला. मला भारी वाटलं.

ऑक्टोबरात उसेनूच्या गटातले दोघं उचलले गेले, तेही आजवर कुठल्याच ठाण्यात 'नाहीत'. नाहीशा झालेल्या माणसांची नावं गोळा करून बाहेरदेशी कळवणारी ही मंडळी. म्हणून तर तो लपला होता. कुणाला सांगायचं नाही हे मला माहीत होतं. तू कुठे नोकरी करतोस हेही मला माहीत होतं. पण तू शाळेत त्याच्या शेजारी बसायचास आणि तू न्जाय. आमचे आजोबा म्हणायचे की जोबाने न्जायाला काहीही बोलावं, त्याने राग मानायचा नाही, आणि एकाने काही मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. ते खरं असेल तर मी आज मागते. माझा भाऊ परत दे. ते जमत नसेल तर तो कुठे आहे ते सांग.

सोबत त्याच्या दम्याचा पंप पाठवतेय. हे सगळं तुझ्या आईकडे देते. कुंबाआईला वाचता येत नाही, म्हणून बरं.

आणि एक मागणं आहे. सिराला सांगू नकोस.

सोहना


लत्रीकुंडा, ३ डिसेंबर २००९

बिरान,

तबास्की झाली. आम्ही बोकड कापला नाही. शेजाऱ्यांनी मांस पाठवलं, ते आईने तसंच दुसऱ्या घरी पाठवून दिलं.

काल मी तुझ्या आईकडे गेले होते. ती बकाऊच्या नाक्यावर पेज विकत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली का जोबांची पोर, भांडं चाटायला?" मी म्हटलं, "तुमच्या भांड्यात चाटण्यासारखं काय असतं?" ती हसली आणि मला वाटीभर पेज दिली, शेंगदाण्याची. तिला काहीच माहीत नाही, बिरान. तू बंदरावर हिशेब तपासतोस असं ती समजते.

मी विचारलं, काही निरोप? ती म्हणाली, "हो, आठवलं. म्हणालाय, त्या सोहनाला सांग, न्जायांच्या घरचा भात संपल्याशिवाय जोब मरत नसतात. असले हावरट लोक."

मी वाटी तिथेच ठेवली. माझा भाऊ तुम्ही कुठल्या अंधारात कोंडलाय देव जाणे, आणि तुला थट्टा सुचते? मी पंप पाठवला त्याचं काय झालं, एका शब्दाने सांगता येत नव्हतं? तू माणसातून उठलास. तुला आमच्या आईने मांडीवर घेऊन भरवलंय, हे लिहितानाही मला लाज वाटते.

इकडची खबर ऐक. सिराला संशय आलाय, पण तिच्या मामावर. मामा सरकारी पक्षाचा गावातला माणूस, उसेनूशी त्याची दोनदा जुंपली होती. सिराच्या आईने सख्ख्या भावाला अंगणातून घालवून दिलं. त्याचं अंथरूण रस्त्यावर फेकलं. मी तिथेच होते. सिरा रडत माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, घरातलाच साप निघाला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मामा निर्दोष आहे असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, आधी उसेनू सापडू दे, बाकीचं नंतर बघू. मामा भांडखोर आहे, सरकारचे झेंडे लावतो, थोडं सोसेल.

असं मी स्वतःला समजावते. तू काय समजावतोस?

सोहना


लत्रीकुंडा, २९ डिसेंबर २००९

बिरान,

उत्तरेची धूळ सुरू झाली. कपड्यांवर, मशीनवर, दातांखाली, सगळीकडे धूळ. या दिवसांत उसेनू रात्र रात्र उशाशी पंप घेऊन बसून काढतो. सांगायला नको, तू आमच्याकडे राहायला यायचास तेव्हा तूच त्याची पाठ चोळायचास.

आम्ही वकील केलाय. तुरे म्हणून आहेत, वयस्कर, राजधानीत, बंजूलच्या कोर्टात. माणूस कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज त्यांनी घातला. सरकारचं उत्तर एका ओळीचं आलं, सदर इसम आमच्या कोणत्याही खात्याच्या ताब्यात नाही. तुरे म्हणाले, "आता आपल्याला एक तरी दुवा पाहिजे. साध्या कपड्यांतली चार माणसं कुणाचीही असू शकतात, असं ते म्हणणार. गुप्त पोलिसांच्या कचेरीचा माणूस त्याच्या मागावर होता, एवढं कुणी शपथेवर सांगितलं तर न्यायाधीशांना त्यांना विचारावंच लागेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तो गुंजूरला आहे हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

सिरा म्हणाली, "घरातल्यांना. आणि मामाला."

तुरे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "घरातल्यांनाच."

बघ, मी दुवा आहे. सगळ्या गावात मी एकटीच दुवा आहे. त्या सकाळी त्या कचेरीचा माणूस माझ्या दुकानात आला, त्याने माझ्या भावाचं विचारलं, मी सांगितलं, आणि संध्याकाळी भाऊ गेला. चार वाक्यं. ती मी बोलले तर उसेनू कदाचित सुटेल. आणि ती मी बोलत नाही, कारण सिरा समोर बसलेली असेल, आई असेल. त्या दुकानातल्या बायकांपैकीही कुणी तोंड उघडत नाही. एक तर शिवायला टाकलेला कपडा न नेताच गेली, परत आली नाही. त्यांना काय दोष देऊ? त्या घाबरल्यात, मला तर नुसती लाज वाटते. लाजेपायी भावाला आत ठेवणारी बाई तू पाहिलीस का कधी? मी रोज आरशात बघते.

म्हणून तुला विनवते, तू बोल. नाव न सांगता, चिठ्ठीने, निरोपाने, कसंही. तू बोललास तर मला बोलावं लागणार नाही.

हे वाक्य खोडावं असं वाटलं. राहू दे.

सोहना


लत्रीकुंडा, १७ जानेवारी २०१०, रविवार दुपार

बिरान,

उद्या मी कोर्टात तुझं नाव घेणार आहे.

परवा सिरा आली होती. मामा होड्यांच्या शेडमध्ये झोपतो, त्याच्याकडून कुणी मासे घेत नाहीत, पोरं त्याच्यामागे दगड मारतात. हे ती समाधानाने सांगत होती. मग म्हणाली, "ताई, ज्याने कुणी सांगितलं त्याला मी मेल्यावरसुद्धा माफ करणार नाही." तिच्या पोरीच्या फ्रॉकला मी काज करत होते. सुई बोटात गेली. ती म्हणाली, "जपून गं," आणि तिने माझं बोट तोंडात धरलं.

तेवढ्यावर माझं सगळं धैर्य संपलं, की आलं, काय म्हणायचं ते म्हण. तिला तेव्हा सांगता आलं नाही. पण संध्याकाळी मी तुरे वकिलांकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाले, "त्या माणसाचं नाव सांगावं लागेल. नुसतं 'कचेरीचा एक माणूस' चालणार नाही." मी म्हटलं, दोघे होते. "दुसऱ्याचं नाव?" मला माहीत नव्हतं. मला तुझंच नाव माहीत होतं.

तुला राग येईल. येऊ दे, जोबाचा राग मानायचा नसतो. पण आज संध्याकाळच्या आत नदी ओलांडून सेनेगलला जा. तुझ्या आत्याचं घर काओलॅकला आहे ना, तिथे जा. तुझ्या साहेबांना कळायच्या आत जा. एवढं मी तुझ्यासाठी करू शकते.

सोहना


लत्रीकुंडा, २ फेब्रुवारी २०१०

बिरान,

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते मला माहीत नाही. तरी लिहिते.

उसेनू घरी आला. साक्षीनंतर न्यायाधीशांनी त्या कचेरीला लेखी जाब विचारला. पुढच्याच आठवड्यात पहाटे कुणीतरी त्याला अबुकोच्या जंगलाजवळ रस्त्यावर सोडून गेलं. भाजीवाल्या बायकांनी त्याला ओळखलं. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. भात पुढ्यात आला की आधी दरवाजाकडे बघतो.

कोर्टात मी चारही वाक्यं बोलले. आई खाली बघत होती. सिरा उठून निघून गेली. ती सरळ गुंजूरला गेली, होड्यांच्या शेडमध्ये, आणि मामाच्या पायाशी बसली, असं नंतर कळलं. माझ्याशी ती बोलत नाही. मी तिला शिवून दिलेलं सगळं तिने परत पाठवलं, फ्रॉकसुद्धा. बरोबरच केलं.

उसेनूला मीच सांगितलं. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या अंथरुणाशी बसून सांगितलं की तुला पकडून देणारी जीभ माझी. तो म्हणाला, "ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, ताई."

"कुणी सांगितलं?"

"बिरानने. म्हणाला, तुझ्या बहिणीला मी दोन्ही हात वर करून थांबवत होतो, तर ती आणखीच चढली. म्हणाला, दारात बसलेल्याने ऐकलं. म्हणाला, मी नुसतं सवयीने विचारलं होतं रे, कपडा शिवायला टाकायला गेलो होतो." मग तो जरा हसला. "तुझ्या जिभेला आवर घालायला अख्खं न्जाय घराणं पुरणार नाही, असं म्हणाला."

मग त्याने बाकीचं सांगितलं. पंप त्याला मी पाठवल्यापासून तिसऱ्या दिवशी मिळाला होता, पावात घालून. रोज संध्याकाळी तू कोठड्यांपुढच्या बोळातून जायचास आणि ओरडायचास, "काय रे भातचोरा, मेलास का?" पहारेकरी हसायचे, दोघांची घराणी त्यांना ठाऊक. आणि उसेनू आतून ओरडायचा, "तुझ्या मयताचं जेवल्याशिवाय मरत नाही, गुलामा!" शेजारच्या खोल्यांतली माणसं मग एकेक करून खोकायची, म्हणजे तीही जिवंत आहेत. त्यातल्या दोघांचे आवाज उसेनूने ओळखले. ऑक्टोबरात उचललेले तेच.

आणि तू निरोप पाठवलास, जोब इतक्यात मरत नसतात. मी काय लिहिलं त्यावर? माणसातून उठलास.

मी मान खाली घालून बसले होते. उसेनूने एकदम माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत राग दिसला. "पहिली चूक मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण त्याचं नाव का घेतलंस? कोर्टात उभी राहून त्याचं नाव का घेतलंस, ताई?"

"तुला सोडवायला."

"मी सुटलो. तो कुठाय?"

बिरान, मी रविवारी तुला पत्र लिहिलं होतं, पळून जा म्हणून. दुपारी लिहून झालं. बकाऊला जायला अर्धा तास लागतो. मी गेले नाही. मला वाटलं, तू ते वाचशील आणि तुझ्या साहेबांना सांगशील, मग मला कोर्टात पोचूच देणार नाहीत. सोमवारी साक्ष झाल्यावर मी ते कुंबाआईला नेऊन दिलं. इशारा दिला असं नंतर म्हणता यावं म्हणून दिलं. ती म्हणाली, "आज सकाळी कामावर गेलाय, संध्याकाळी देते."

त्या संध्याकाळी तू आला नाहीस.

हे मी उसेनूला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण तुला सांगून काही होत नाही.

सोहना


लत्रीकुंडा, ६ मार्च २०१०

बिरान,

तुझी आई मागच्या आठवड्यात दुकानात आली. माझ्याकडे हल्ली गिऱ्हाईक फारसं येत नाही, मी एकटीच होते. नेहमीप्रमाणे मला जोबांची पोर म्हणाली नाही. नुसतं "सोहना" म्हणाली. बाकावर बसली आणि डोक्याच्या फडक्याने तोंड पुसत म्हणाली, "लोक म्हणतात, माझ्या पोराचं नाव तू घेतलंस. खरं का?"

सिराला सांगायला मला दोन महिने लागले होते. कुंबाआईला मी लगेच हो म्हटलं. मग त्या पत्राचंही सांगितलं, रविवारी लिहिलेलं आणि सोमवारी दिलेलं. ते पत्र तिच्या थैलीतच होतं, तुला द्यायचं म्हणून तिने जपून ठेवलेलं. तिने ते काढून मशीनवर ठेवलं.

मला वाटलं, थुंकेल. तिने विचारलं, "तुझ्या भावाला शोधायला तू कुठे कुठे गेली होतीस?"

मी सगळी ठाणी सांगितली.

"मला रस्ते माहीत नाहीत," ती म्हणाली. "उद्यापासून तू माझ्याबरोबर येशील. पेज विकून झाली की."

तेव्हापासून आम्ही दोघी जातो. तीच ठाणी, तीच बाकं. त्या साहेबाने मला ओळखलं. "बाई, परत भाऊ हरवला का?" म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं तर त्याचं हसू गेलं आणि त्याने वहीही उघडली नाही. असा माणूस आमच्याकडे नाही. तुरे वकिलांनी तुझ्यासाठी अर्ज घातलाय. तुझ्या कचेरीकडून उत्तर आलं की बिरान न्जाय नावाचा कोणीही इसम त्यांच्याकडे कधी नोकरीस नव्हता. कधीच. पुढच्या तारखेला उसेनू साक्ष देणार आहे. त्याला एका कानाने ऐकू येत नाही, पण बोळातला तुझा आवाज तो विसरलेला नाही. सिराने त्याला अडवलं नाही. ती म्हणाली, "ज्याने पंप पोचवला त्याच्यासाठी जा." माझ्याकडे तिने अजून बघितलेलं नाही.

आज आम्ही तुझ्या कचेरीच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने आम्हाला रस्त्यापलीकडे हाकललं. तिथे एक कडुनिंब आहे, तुला माहीत असेल, त्याखाली तुम्ही लोक चहा पिता. कुंबाआई तिथे बसली. ती दमली होती. भिंत उंच आहे, वर काचा लावलेल्या. मग ती म्हणाली, "उसेनू म्हणतो, आत सगळं ऐकू येतं."

"त्याला बोळातून ऐकू यायचं, आई. हे तर रस्त्यावरून."

"तू ओरडून तर बघ. तुझी जीभ कधी कमी पडली नाही."

लागलं मला ते. मी उठले. पहारेकरी बघत होता. मग मी ओरडले, "ए न्जाय! भुकेल्या! ऊठ, तुझी मालकीण आलीय! दुपार झाली तरी लोळतोस, गुलामा?"

रस्त्यावरची माणसं थांबली. कुणी हसलं. अशी ओरड ऐकली की आपल्याकडे कुणाला राहवत नाही. समोरून सायकलवर एक म्हातारा चालला होता, पाठीला मक्याचं पोतं. त्याने पाय टेकून मोठ्याने उत्तर दिलं, "कोण गं ती, जोबांची का? भात चोरायला भरदुपारी निघालीस?" सगळे खो खो हसले. तोही न्जाय होता, बिचारा. त्याला काय माहीत. तो हात हलवून निघून गेला.

आम्ही दोघी भिंतीकडे कान लावून उभ्या राहिलो. पलीकडून कुणी खोकलंसुद्धा नाही.

कुंबाआईने माझा हात घट्ट धरला. "आणखी मोठ्याने," ती म्हणाली.

सोहना